नव्वदची पुली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. ज्या माणसाला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच — तो रोज सकाळी साडेआठला माझ्यासमोर उभा राहून "ताई, आज काय घ्यायचं?" असं विचारतो, तरीही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला आपण सासूचं सगळं सांगून मोकळं होतो, आणि सख्ख्या जावेपाशी मात्र तोंड उघडत नाही. तसंच हे.

आधीच सांगून ठेवते, यात कुणी मेलेलं नाही. पळून गेलेलं नाही. एक पुली आहे, सत्तर मिलिमीटरची. हसलात? हसा. मीही हे हसण्यावारी नेलं होतं — नेता नेता नऊ वर्षं गेली, एवढंच.

तळवड्यात माझा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, आणि मागे गाड्या उभ्या करायला पत्र्याची शेड. सासऱ्यांच्या काळात पिठाच्या गिरणीच्या पुल्या व्हायच्या. नवऱ्याला कंपनीची शिफ्ट बरी वाटली, आणि माझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा होता, म्हणून गाळा माझ्याकडे आला. मग गिरण्या कमी झाल्या आणि हौशी लोक वाढले. आपल्या पट्ट्यात, पिंपरीपासून चाकणपर्यंत, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी माणसं इतकी आहेत, की कुणाला ना कुणाला आपल्या जुन्या जीपला नसतं काही लावावंसं वाटणारच. त्यातले काही सुपरचार्जर लावतात.

सुपरचार्जर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, पुढे लागेल. इंजिन स्वतःच्या दमानं हवा आत ओढतं. सुपरचार्जर म्हणजे लोहाराचा भाता समजा — तो हवा आत कोंबतो, मग इंजिन जास्त जोर करतं. हा भाता फिरवायला वेगळं कुणी नसतं. इंजिनाच्याच मोठ्या पुलीवरून एक रबरी पट्टा जातो आणि भात्याच्या लहान पुलीला गरागरा फिरवतो. भात्याला जोर लागतो भरपूर, आणि त्याची पुली असते वाटीएवढी. पट्ट्यानं ती घट्ट धरली नाही तर पट्टा घसरतो. घसरला की किंचाळतो, तापतो, काळी भुकटी सोडतो, आणि गाडीचा जोर ऐन चढावर जातो.

तिथे लागते आयडलर पुली. ही स्वतः काही चालवत नाही. नुसती मध्ये उभी राहते आणि पट्ट्याला वळण देते. लग्नघरात एखादी आत्या असते बघा — काडीचं काम करत नाही, पण दाराशी अशी बसते, की आलेला माणूस बरोबर मांडवाकडेच वळतो. ही पुली केवढी घ्यायची आणि कुठे बसवायची, यावर पट्टा घसरणार की नाही ते ठरतं. दाव्याला खुंट्याभोवती अर्धाच वेढा दिला तर बैल खेचून नेतो. दीड दिला तर तोच बैल जागचा हलत नाही. पट्ट्याचंही तेच. वेढा जास्त, तर पकड जास्त.

हे सगळं मला त्या वेळीही माहीत होतं. अज्ञानाची सबब नाही, म्हणून एवढं लांबण लावलं.

आता लिंबाजी. लिंबाजी माझे फिटर, मूळचे औशाकडचे. चिंचवडला आले तेव्हा पंचविशीत होते, आणि तेव्हापासून गाळ्यावरच आहेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात सुतळीचं एक गुंडाळं असायचं. इंजिनाच्या सगळ्या पुल्यांभोवती सुतळी फिरवायची, खडूनं खुणा करायच्या, मग सुतळी सरळ करून पट्टीवर मोजायची — झालं. मी कॉम्प्युटरवर अर्धा दिवस घालवून जे काढायचे, ते त्यांच्या सुतळीवर चहा थंड व्हायच्या आत निघायचं. आणि मला हे लिहायला अजूनही जड जातं — बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

नऊ वर्षांपूर्वी चाकणच्या एका मोठ्या गॅरेजवाल्यानं लिंबाजींना बोलावलं होतं. फिटिंगचा अख्खा विभाग त्यांच्या हाती द्यायचा, आठ माणसं हाताखाली, आणि मापाच्या बाबतीत शेवटचा शब्द लिंबाजींचा. दुसऱ्या कुणी हे लपवून ठेवलं असतं. लिंबाजी सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"दसऱ्यानंतर कळवतो म्हणलंय, ताई. बाळाशेठची जीप तेवढी चढावर जाऊ द्या. ती गेली की माझा मला भरवसा येतोय."

मी म्हटलं, "जा की. मी कोण अडवणार?" आणि रात्रभर झोपले नाही. असा माणूस पुन्हा कुठून आणायचा होता मी?

बाळाशेठ म्हणजे आमचे कुरुळीचे गिऱ्हाईक. त्यांच्या गावामागे मुरमाचा एक उभा चढ आहे. जीपवाले मित्र सुट्टीच्या दिवशी तिथे जमतात आणि कुणाची गाडी कुठवर जाते ते बघतात. बाळाशेठची तीन-चतुर्थांशावर थांबायची. त्यावर उपाय म्हणून त्यांनी सुपरचार्जर आणला होता, आणि दसऱ्याच्या दिवशी सासरवाडीच्या माणसांसमोर जीप माथ्यावर न्यायची असं जाहीर करून बसले होते.

पुलीवरून माझी आणि लिंबाजींची जुंपली. मी म्हटलं नव्वदची घ्या. मोठ्या पुलीवर पट्ट्याची पाठ कमी वाकते, बेअरिंगही सावकाश फिरतं. लिंबाजी म्हणाले, सत्तर.

"नव्वदची तिथं बसतच नाही, ताई. लांब सारावी लागायली. मग पट्टा त्या लहान पुलीला नुसता हात लावून जातोय. त्यानं मिठी मारली पाहिजे, मिठी."

शेडमधली माणसं हसली. मी डिप्लोमाची वही काढून दाखवायचीच बाकी ठेवली होती. तेवढ्यात बाळाशेठ मध्ये पडले. "बाई, तुमी बिलं करा. पुली लिंबाजीला करू द्या."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

सत्तरची पुली मी स्वतःच लेथवर घेतली, चांगली आरशासारखी. लिंबाजींनी बसवली, पट्टा ताणला, आणि आम्ही दोघं जीप घेऊन चाकण रस्त्यानं जाऊन आलो. हवेचा दाब दाखवणारा काटा असतो, तो पट्टा घसरला की पडतो. तो पडला नाही. गाडी तापवून पुन्हा पाहिलं, ओझं भरून पुन्हा पाहिलं. काटा जागचा हलला नाही. लिंबाजींनी सुतळी गुंडाळून खिशात ठेवली. त्याच संध्याकाळी ते घट उठवायला गावी गेले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

येतेय, मुद्द्यावरच येतेय.

खंडेनवमीला मशीनची पूजा सासरे करायचे, मग नवरा करू लागला. त्या वर्षी नवऱ्याची पहिली शिफ्ट होती आणि ते काम माझ्याकडे आलं. मला पूजा जमत नाही. विरोध नाही, पण जमत नाही. भांडी घासल्यासारखी मी ती उरकते. मशीनं पुसली, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला, हळद लावली, आणि कुंकू कालवायला पाणी घेणार एवढ्यात — इथे माझं डोकं चाललं. चालायला नको होतं. लेथच्या पॉलिश केलेल्या भागांवर पाणी? उद्या सुट्टी, परवा येऊ तेव्हा तांबूस डाग दिसणार. दरवर्षी दिसायचे, आणि दरवर्षी मीच ते घासायचे. मग मी शहाणपणा केला. शेल्फवरचा मशीनच्या तेलाचा कॅन घेतला आणि कुंकू त्या तेलात कालवलं.

लेथसाठी हे अगदी योग्य होतं. आजही मी तसंच करीन.

पण तेवढ्यात बाळाशेठच्या आईंचा फोन आला. "बाई, आमच्या जीपडीला बी कुकू लावा हां. इंजनाला लावा. वरवर नगं."

आता गिऱ्हाइकाची आई. मी वाटी घेऊन शेडमध्ये गेले, बॉनेट उघडलं. सगळं इंजिन जुनं, काळं. त्यात एकच वस्तू नवी आणि झळझळीत. मीच केलेली. देवापुढे आपण ताट ठेवतो तेही त्यातल्या त्यात चांगलं बघूनच ठेवतो ना? मी त्या पुलीच्या तोंडावर पाच बोटं ओढली. चांगली भरघोस. कुंकू जरा पातळच झालं होतं, एक ओघळ खाली आला, तो मी अंगठ्यानं पुन्हा वर सारला. फूल वाहिलं, हात जोडले, बॉनेट लावलं.

धुण्याच्या मशीनमध्ये कपडे पिळले जातात तेव्हा पाणी कुठे जातं, हे चौथीतली पोरंही सांगतील. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पुलीवर तेल लावलं तर ते कुठे जाईल? बाहेर, कडेकडे — आणि कडेला काय आहे? पट्टा. मी बेल्ट-पुलीच्या धंद्यात वाढलेली बाई. कुणी फिटरनं त्या पुलीजवळ तेलाची चिंधी जरी ठेवली असती, तरी मी त्याला शेडबाहेर काढलं असतं. पण पूजेच्या वेळी डोकं बाजूला ठेवावं असं म्हणतात. मी ते जिथे लागत नव्हतं तिथे वापरलं आणि जिथे लागत होतं तिथे ठेवून आले.

दसऱ्याच्या सकाळी बाळाशेठ येऊन जीप घेऊन गेले. दुपारी फोन वाजला. बाळाशेठ होते, मागे नुसता गलका ऐकू येत होता. म्हणाले, "बाई, आमची पार इज्जत गेली."

मी स्कूटर काढली आणि कुरुळीला गेले. अंगणात जीप उभी, बाजूनं पाहुणे, आणि प्रत्येक पाहुणा बाळाशेठच्या हातात आपट्याची पानं देऊन "जाऊ द्या, शेठ, पुढच्या साली" असं म्हणत होता. जीप निम्म्या चढापर्यंतही गेली नव्हती. म्हणजे सुपरचार्जर नव्हता तेव्हा जिथे जायची तिथेही नाही. अर्ध्यात ती अशी किंचाळली म्हणे, की खालच्या वाडीतली कुत्री उठून ओरडायला लागली, आणि मग बाळाशेठच्या सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत ती उलटी, हळूहळू, खाली आली. मेहुण्यानं त्याचं चित्रीकरणही केलं होतं. ते मला दोनदा दाखवण्यात आलं.

मी बॉनेट उघडलं.

पट्ट्याच्या खाचा लाल. भात्याची पुली लाल. बॉनेटच्या आतल्या अंगावर लाल शिंतोडे, अगदी रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, गोलात. मला कळायला किती वेळ लागला असेल? तुम्हाला आत्ता लागला त्याहूनही कमी.

आणि त्या क्षणी माझ्या खांद्यावरून बाळाशेठच्या आई आत वाकल्या.

"आगं बया," त्या हळूच म्हणाल्या. "कुकू कसं आपसुक पसरलंय बग. देवी येऊन गेली."

त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि इंजिनाला नमस्कार केला. मागोमाग सासरवाडीच्या दोन बायकांनी केला. वर माथ्यावर काहीतरी अघटित घडणार असणार, आणि देवीनं लेकराला अर्ध्यातच थांबवलं, असा निष्कर्ष पाच मिनिटांत निघाला. मी काय करायला हवं होतं? सरळ म्हणायला हवं होतं, की आई, देवी नाही, मी. मशीनचं तेल आहे हे. मी पेट्रोलमध्ये चिंधी बुडवली आणि पुसायला लागले. "पुसू नगा," आई म्हणाल्या. मी म्हटलं, "असं ठेवू नये, आई. पायदळी जातं." असं काही शास्त्र आहे का? मला कल्पना नाही. त्यांना पटलं. फक्त चिंधी त्यांनी मागून घेतली. ती अजून त्यांच्या देव्हाऱ्यात आहे, चांदीच्या डबीत. ती लाल चिंधी हातात आली तर कुठल्याही फिटरला वासावरून कळेल, की हे कुंकवापेक्षा तेल जास्त आहे. पण देव्हाऱ्याचा वास कोण घेत बसतं?

इथवर माझा फक्त वेंधळेपणा होता. वर एक लहानशी थाप. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. हा किस्सा मी स्वतःच लग्नकार्यात सांगून लोकांना हसवलं असतं.

लिंबाजी तिसऱ्या दिवशी परत आले. जीप शेडमध्ये आणलेली, बाळाशेठ खुर्चीवर, मी उभी. बाळाशेठनी रीतसर सगळं ऐकवलं, चित्रीकरण दाखवलं, आणि शेवटी म्हणाले, "लिंबाजी, लई भरवसा व्हता राव तुज्यावर."

लिंबाजींनी पट्टा काढला. तेल मी पुसलं होतं, पण घसरून घसरून पट्ट्याच्या खाचा भाजल्या होत्या, काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. त्यांनी त्यावरून नख फिरवलं. पुली हातानं फिरवून पाहिली. खिशातून सुतळी काढली, परत ठेवली. आम्ही केलेली चाचणी त्यांना आठवत असणारच — काटा हलला नव्हता हे दोघांनीही पाहिलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. मी तेवढंच म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असेल: लिंबाजी, आपण तपासलं होतं, दुसरं काहीतरी झालंय. फार नाही, एवढंच.

मी बॉनेट लावून टाकलं.

मग ते म्हणाले, "चढावर जास्त तापला आसंल. पुली लहानच पडली, ताई. माझंच चुकलं."

आणि मी म्हणाले — हेच ते, ज्याच्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं — मी म्हणाले, "मी म्हणत होते."

घाबरून म्हटलं का? नाही. धंदा जाईल म्हणून? बाळाशेठ कुठे जाणार होते? मला ते म्हणायचं होतं. आठवडाभर ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि ते वापरायची संधी आली तेव्हा ते खोटं आहे एवढ्या बारीक कारणासाठी मी ते परत गिळलं नाही. "तुमी बिलं करा" म्हणणारे बाळाशेठ खाली मान घालून बसले होते. शेडमधली माणसं या वेळी हसली नाहीत. तुम्हाला खरं सांगू का? फार छान वाटलं. लोक म्हणतात, खोटं बोललं की मन खातं. माझं मन त्या दुपारी दोन प्लेट मिसळ खाऊन आलं.

मी नव्वदची पुली केली. ती खरंच तिथे बसत नव्हती. पुली धरून ठेवणारा ब्रॅकेट कापून लांबवावा लागला आणि रेडिएटरचा पाइप वाकवून बाजूला घ्यावा लागला. नवा पट्टा घातला. आणि अर्थातच — तेल नाही, पट्टा कोरा — जीप चढाच्या माथ्यावर गेली. बाळाशेठनी पेढे आणले. आईंनी देवीचं मानलं, बाळाशेठनी माझं. लिंबाजींचं कुणीच मानलं नाही.

त्या आठवड्यात लिंबाजींनी चाकणला नकार कळवला. मला येऊन सांगितलं. "अंदाज चुकायलाय माझा. आठ माणसांची गाडी कुठं घालू खड्ड्यात? इथंच बरं आहे, तुम्ही बघायला आहात." मी म्हटलं, "विचार करा नीट." विचार करा हे शब्द इतक्या सावकाशपणे, इतक्या काळजीच्या सुरात उच्चारता येतात, की समोरचा विचार करणं थांबवतो. मला येतात तसे उच्चारता.

मग सुतळी बंद झाली. मी एकदा विचारलंही, तर म्हणाले, "कॉम्प्युटरवर बघा ना, ताई, खात्रीचं." तेव्हापासून प्रत्येक बोल्टला "जरा बघता का?" सुरू झालं. जो माणूस नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा, तो आता दोनदा मोजून तिसऱ्यांदा माझ्याकडून मोजून घेतो. आणि यात माझं कौतुक झालं बरं का. गिऱ्हाइकं म्हणतात, तुमच्याकडे काम फार तपासून होतं.

नव्वद तर गाजलीच. तळवड्यातले आणि भोसरीतले दोन-तीन गाळेवाले सुपरचार्जरच्या प्रत्येक कामाला "ताईंची नव्वद" लावायला लागले. जिथे बसत नाही तिथेही. माझ्या त्या तीन शब्दांच्या वाक्यापायी या भागात किती धडधाकट ब्रॅकेट कापले गेले असतील आणि किती निरपराध पाइप वाकवले गेले असतील, कुणास ठाऊक. एका पॉलिटेक्निकनं मला व्याख्यानाला बोलावलं: पट्टा का घसरतो. मी फळ्यावर कारणं लिहिली. वेढा कमी, ताण कमी, पुल्या एका रेषेत नाहीत, खाचा अपुऱ्या. पाचवं लिहिलं 'तेल लागणे' आणि घाईनं पुढे गेले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, तेल पट्ट्यावर येतं कुठून?"

मी म्हटलं, "सील गळतं."

तिनं वहीत लिहून घेतलं.

तुम्ही म्हणाल, कशावरून सत्तरची बरोबरच होती? खरंच लहान पडली असेल. चार वर्षं मीही स्वतःला हेच सांगितलं. फार उपयोगी शंका होती ती. मग लिंबाजी पुतणीच्या लग्नाला गावी गेले असताना बाळाशेठची जीप सर्व्हिसिंगला आली, आणि मी — का, ते विचारू नका — भंगाराच्या पिंपातून जुनी सत्तरची काढली, धुतली, जुन्या मापाचा ब्रॅकेट केला, बसवली, आणि भर दुपारी जीप घेऊन एकटी त्या चढावर गेले. निम्म्यावर काटा बघितला. माथ्यावर बघितला. खाली आले, पुन्हा चढवली. पाच वेळा. काटा भिंतीवरच्या खिळ्यासारखा जागच्या जागी. उलट नव्वदपेक्षा किंचित वरच. पट्ट्यानं मिठी मारली होती.

मी गाळ्यावर परत आले आणि नव्वदची पुन्हा बसवली. पाइप पुन्हा वाकवला.

त्याला आता पाच वर्षं झाली. म्हणजे आधीची चार वर्षं निदान शंका तरी होती. नंतरची पाच, काहीच नाही.

गेल्या सोमवारी एक नवं काम आलं. माणहून एक आयटीवाला जुनी गाडी घेऊन आला, सुपरचार्जर बसवलेला, पट्टा घसरतोय. लिंबाजी बॉनेटमध्ये बराच वेळ वाकून होते. त्यांचे केस आता पिकलेत, चष्मा दोरीला बांधलेला असतो. मग कागद-पेन्सिल घेऊन टेबलापाशी आले.

"किती घेऊ, ताई?"

मी म्हटलं, "या वेळी तुम्ही ठरवा, लिंबाजी. मी बघणार नाही."

ते चमकले. मग खुर्ची ओढून बसले — माझ्यासमोर ते कधी बसत नाहीत. कागदावर तीन गोल काढले, मधून रेघा ओढल्या, एका रेघेवर पेन्सिल बराच वेळ रेंगाळली. मला वरून दिसत होतं. पुली कुठे यायला हवी ते त्यांनी बरोबर हेरलं होतं, अगदी लहान पुलीला खेटून. त्यांनी आकडा लिहिला. बहात्तर.

"मला तर बहात्तर वाटायलंय," ते म्हणाले.

मला फक्त "घ्या" म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या एका शब्दाच्या मागे "का?" येणार, आणि त्या "का"च्या मागे नऊ वर्षं रांगेत उभी.

लिंबाजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःशीच हसले. "पण माझ्या वाटण्यावर काय जाताव, ताई."

त्यांनी बहात्तरवर काट मारली, बाजूला नव्वद लिहिलं, आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.

मी सही केली. पुली काल दुपारी लेथवरून उतरली. फिनिश चांगलं आलंय.